गळती आत शोधा

सकाळी सहाच्या ठोक्याला सहदेव आंगचेकरांनी ‘निवडक’ या ग्रुपवर त्या दिवसाचा व्हिडिओ टाकला, दुसरा एक व्हिडिओ बायकोला पाठवला आणि चहा घेऊन ते गॅलरीत बसले. अर्ध्या तासाने स्वयंपाकघरातून विमलाबाईंचा आवाज आला.

“अहो, हा माणूस टाकीवर कधी येणार?”

“कुठला माणूस?”

“तुम्ही पाठवलाय तो. अर्धा तास झाला, मन, चित्त, स्मृती असलंच चाललंय. विद्वान दिसतोय, पण टाकीचं नाव काढत नाही.”

सहदेवरावांनी कप खाली ठेवला. टाकी म्हणजे सोसायटीची गच्चीवरची टाकी. ती गळत होती आणि तिचं पाणी बरोबर आंगचेकरांच्या बेडरूमच्या छतातून उतरत होतं. डोंबिवलीतल्या मानपाड्याच्या त्या सोसायटीत चौथा मजला शेवटचा, त्यामुळे त्या पाण्यावर पहिला हक्क त्यांचाच होता. सोसायटी दोन वर्षं ‘बघू या’ म्हणत होती. शेवटी विमलाबाईंनी नवऱ्याला बजावलं, “दिवसभर फोनमध्ये डोकं घालून बसता, तर त्यात एखादा टाकीवरचा उपाय तरी शोधा.” सहदेवरावांनी शोधला. खडवलीच्या जगन भोईर नावाच्या, वॉटरप्रूफिंगची कामं करणाऱ्या माणसाचा बावीस मिनिटांचा व्हिडिओ त्यांना सापडला. त्यांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला, त्यांना तो पटला आणि बायकोला पाठवायचा असं त्यांनी ठरवलं. ग्रुपसाठी काढून ठेवलं होतं एका निवृत्त प्राध्यापकांचं विस्मरणावरचं व्याख्यान. सकाळी चष्मा सापडेना म्हणून त्यांनी अंदाजाने बोटं चालवली आणि विस्मरणावरचे प्राध्यापक स्वयंपाकघरात गेले. जगन भोईर गेला शहाऐंशी सुसंस्कृत माणसांच्या ग्रुपवर.

हा ग्रुप म्हणजे सहदेवरावांचा जीव की प्राण. मानपाड्याच्याच एका रंगाच्या कारखान्यात ते एकतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होते. त्यांच्या सहीशिवाय रंगाचा एक डबा कधी फाटकाबाहेर गेला नाही. निवृत्त झाल्यावर त्यांना यूट्यूबचा शोध लागला आणि धक्काच बसला. तिथे रोज लाखो नग बाहेर पडत होते आणि तपासायला कुणीच नव्हतं. कुणीतरी तपासायला हवं, आणि आपल्याला वेळ आहे, एवढ्याच भांडवलावर त्यांनी ‘निवडक’ सुरू केला. रोज एकच व्हिडिओ, पण पारखून घेतलेला.

पारखायची त्यांची स्वतःची पद्धत होती. फोन आपण होऊन जे सुचवतो त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. एकदा त्यांनी गुडघ्याच्या व्यायामाचा व्हिडिओ पाहिला तर महिनाभर फोनने त्यांना गुडघ्यांशिवाय काही दाखवलं नाही. म्हणून ते यादीत पार खाली जायचे, जिथे पाहणाऱ्यांचा आकडा तीन अंकांच्या वर जात नाही. गर्दी जत्रेलाही होते, असं ते म्हणायचे. तिथून पाच-सहा व्हिडिओ काढायचे, सगळे शेवटपर्यंत पाहायचे, वहीत विषय, आवाज आणि पाल्हाळ असे तीन रकाने भरायचे. इतकं झाल्यावर एकाला मंजुरी मिळायची. यात दिवसाचे चार-पाच तास जायचे. विमलाबाई त्याला ‘रिकामा उद्योग’ म्हणत, पण तो शब्द ऐकायचा नाही अशी सवय सहदेवरावांनी लावून घेतली होती.

कारण एक होतं, आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. ग्रुपमध्ये त्यांची मुलगी संचिता होती. संचिता लग्न होऊन नवरा विनीत आणि मुलांबरोबर ठाण्याला कासारवडवलीत राहायची, बँकेत नोकरी करायची. फोन करायची तेव्हा ‘जेवलात का, गोळ्या घेतल्या का, ठेवते’ एवढ्यात बोलणं संपायचं. पण रोज सहा वाजून दहा मिनिटांच्या आत ग्रुपवर तिचं उत्तर यायचं, ‘खूप छान बाबा’. तीन वर्षांत एकही दिवस चुकला नव्हता. ती लहान असताना बापलेक रेडिओला कान लावून एकत्र ऐकत बसायचे, तसंच आपण अजूनही एकच गोष्ट पाहतो, फक्त मध्ये ठाणे-डोंबिवली एवढं अंतर आहे, असं सहदेवराव धरून चालले होते. त्यांची सगळी मेहनत त्या एका उत्तरासाठी होती. बाकी पंच्याऐंशी माणसं त्या मेहनतीवर फुकटात पोसली जात होती.

तर सहदेवराव फोनकडे धावले. चुकीचा व्हिडिओ पुसून टाकायचा, दिलगिरी व्यक्त करायची आणि प्राध्यापकांना त्यांच्या जागी बसवायचं. पण ग्रुप उघडला तर तोवर एकतीस प्रतिक्रिया येऊन पडल्या होत्या.

निवृत्त शिक्षिका ऋजुता दामलेंनी लिहिलं होतं, ‘अंतर्मुख केलंत सर. गळती आपल्याच आत असते, हे किती सहज सांगितलं आहे.’ सोसायटीचे अध्यक्ष सर्वेश गुप्ते यांनी लिहिलं होतं, ‘प्रत्येकाने शांत बसून पाहावा असा. अकराव्या मिनिटाला डोळे पाणावले.’ त्याखाली अठ्ठावीस जणांचे हात जोडलेले होते.

अकराव्या मिनिटाला जगन भोईर म्हणतो, “आता जरा संडासच्या पायपाकडं या.” सहदेवरावांना ते चांगलं आठवत होतं.

घोटाळा कसा झाला हे त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. व्हिडिओचं नाव होतं ‘गळती बाहेर नाही, आत शोधा’. नावाबरोबर जे चित्र दिसत होतं, त्यात जगन टाकीच्या आत उभा राहून छताची चीर बघत होता. त्यामुळे तोंड वर, डोळे अर्धवट मिटलेले आणि डोक्यामागे टाकीच्या झाकणातून येणारा गोल उजेड. नाव वाचून आणि चित्र बघून एकतीस माणसांनी या पुरुषाला साक्षात्कारी ठरवलं होतं. आत जाऊन बघायचे कष्ट कुणी घेतले नव्हते.

आणि त्यांतलीच उरलेली एक प्रतिक्रिया त्यांना वर सरकवताना दिसली. सहा वाजून सात मिनिटांची होती. ‘खूप छान बाबा.’

सहदेवरावांचं पुसायला निघालेलं बोट थांबलं. पुसला तर का पुसला ते सांगावं लागेल, आणि सांगितलं तर एक गोष्ट उघडी पडेल जी त्यांना उघडी पडायला नको होती. त्यांनी स्वतःला समजावलं की संचिताने पाहिलाही असेल. तिच्या घरी गळत असेल. नवीन इमारतीसुद्धा गळतात. मग त्यांना एक युक्ती सुचली. आदल्या दिवशी त्या व्हिडिओखाली पाहणाऱ्यांचा आकडा सत्तेचाळीस होता. तो बघितला की शहाऐंशीतल्या किती जणांनी पाहिला ते कळणार होतं.

दिवसभर ते आकडा बघत राहिले. संध्याकाळी तो अठ्ठेचाळीस झाला.

एक. एका माणसाने पाहिला होता. सहदेवरावांना त्या एकाने फार आधार दिला. सर्वेश गुप्ते खोटा निघाला, ऋजुताबाई खोट्या निघाल्या, जग खोटं निघालं, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. एक जण खरा होता आणि तो कोण असावा याबद्दल त्यांच्या मनात फार शंका नव्हती. खात्री करून घ्यायला म्हणून त्यांनी संचिताला फोन लावला.

“आजचा कसा वाटला गं?”

“मस्त होता बाबा.”

“आवडलं बोलणं?”

“हो ना. किती शांत बोलतात ते गुरुजी. ऐकतच राहावंसं वाटतं. बाबा, मी मीटिंगमध्ये जातेय, गोळ्या घेतल्यात ना?”

गुरुजी. जगन भोईर बावीस मिनिटं हातोड्याने स्लॅब ठोकत ओरडून बोलत होता, कारण टाकीत आवाज घुमतो. सहदेवराव फोन हातात घेऊन बसून राहिले. विमलाबाईंनी विचारलं, “काय झालं?” तेव्हा ते म्हणाले, “काही नाही. एका माणसाने बघितलाय, तो कोण ते कळत नाहीये.”

“कुठला? टाकीचा? तो मी बघितला,” विमलाबाई म्हणाल्या. “दुपारी तुमच्याकडून घेतला नाही का मी? चांगला सांगतो माणूस. सगळा बघितला. बोलवा त्याला.”

“तू बघितलास? पूर्ण? माझा एक तरी व्हिडिओ कधी पूर्ण बघितलायस?”

“ज्याच्या घरात गळतं तो बघतो,” असं म्हणून त्या बेडरूममधली बादली ओतायला गेल्या. विमलाबाई ग्रुपमध्येही नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सहदेवरावांनी ठरवलं की जे झालं ते लिहून मोकळं व्हायचं. इन्स्पेक्टरच्या हातून चुकीचा नग सुटला तर त्याने स्वतः कळवायचं असतं. त्यांनी दोन तास बसून सविस्तर निवेदन लिहिलं. चष्मा, टाकी, बेडरूम, प्राध्यापक, सगळं त्यात होतं. कालचा व्हिडिओ आध्यात्मिक नसून तो पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचा आहे, हे वाक्य तर त्यांनी दोनदा घातलं. संचिताचा उल्लेख टाळला. शेवटी क्षमा मागितली.

पहिली प्रतिक्रिया दहा सेकंदांत आली. ‘अप्रतिम.’ मग ‘सहमत’, मग ‘शब्दाशब्दाशी सहमत’, मग ‘तुमच्या लेखणीला सलाम सर’. ऋजुताबाईंनी लिहिलं, ‘हे पुस्तकरूपाने यायला हवं.’ संचिताने तिचं नेहमीचं उत्तर टाकलं.

संध्याकाळी सर्वेश गुप्ते स्वतः घरी आले. हा माणूस सोसायटीचा अध्यक्ष होता आणि स्टेज दिसलं की त्याच्या अंगात यायचं. “सहदेवराव, ‘निवडक’ला तीन वर्षं होतायत. वर्धापनदिन करू या. आणि त्या महाराजांनाच बोलवू या.”

“कुठल्या महाराजांना?”

“ते गळतीवाले. सगळ्यांना किती भावलंय बघताय ना तुम्ही?”

“अहो सर्वेश, मी आजच लिहिलंय ना ग्रुपवर...”

“वाचलं ना. फार सुंदर लिहिलंत. म्हणूनच तर सुचलं मला,” सर्वेश म्हणाले. “तुमच्याकडे नंबर असेलच. तुम्ही बोला त्यांच्याशी, बाकीचं सगळं मी बघतो.”

सहदेवरावांनी जगनला फोन लावला तो खरं सांगून टाकण्यासाठी. पण व्हिडिओ, ग्रुप आणि सत्काराचं बोलावणं एवढं सांगून होईतो जगनच बोलत सुटला.

“तुम्ही माझा विडिओ बगितला? पुरा? अवो, चार वर्सं टाकतोय मी. घरातली पन बगत नाय. बायको म्हनते, ठोकायचा आवाज घरी पन आनि फोनवर पन. आनि तुमचे ग्रुपवर किती लोकं हायत?”

“शहाऐंशी.”

“शहाऐंशी.” जगनने तो आकडा पुन्हा उच्चारला. “आनि मला बोलवताय. सत्काराला.”

माणूस रडतो की काय असं सहदेवरावांना वाटलं. आपण चार-पाच तास घालवून रोज एक नग पुढे ढकलतो, हा चार वर्षं टाकीत उतरून ओरडतोय, आणि दोघांचंही ऐकायला कुणी नाही, असा काहीसा विचार त्यांच्या मनात आला. त्यांच्याच्याने खरं सांगवलं नाही. त्यांनी तारीख सांगितली, पत्ता सांगितला, आणि येताना सामान घेऊन या, टाकीही बघून घ्या, असंही सांगितलं.

त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये वर्धापनदिन झाला. साठेक माणसं जमली होती. समई होती, शाल होती, श्रीफळ होतं. संचिता मुद्दाम ठाण्याहून आली होती आणि दुसऱ्या रांगेत आईशेजारी बसली होती. बऱ्याच महिन्यांनी आल्यामुळे सहदेवरावांनी तिच्याकडे चार वेळा बघून घेतलं. जगन इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता, खांद्याला हातोडा आणि रसायनाच्या डब्याची पिशवी होती. ती पिशवी त्याने स्टेजवर पायाशी ठेवली. साधी राहणी म्हणून लोक कौतुकाने कुजबुजले.

ऋजुताबाईंनी ओळख करून दिली. “गेली वीस वर्षं ज्यांनी गळती या एकाच विषयावर साधना केली...” जगनने मान हलवली, कारण ते खरंच होतं. मग तो बोलायला उभा राहिला.

“वीस वर्सं मी आत उतरतोय,” जगन म्हणाला. “लोकं काय करतात, भायरून लिंपतात. भायरून सुकं दिसतं, आत चालूच असतं. आत उतरावं लागतं. आत गेलं का घान दिसते. तिला लाजायचं नाय. खरवडून काढायची.”

पहिल्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळे मिटले. सर्वेश गुप्ते हळूच शेजारच्याला म्हणाले, “काय पातळीचा माणूस आहे.” सहदेवराव खुर्चीच्या कडेला बसून घाम पुसत होते. हे असंच अर्धा तास चाललं तर निभावेल, असं त्यांना वाटू लागलं.

“आता मेन मुद्दा,” जगन म्हणाला. “संडासचा पाईप.”

दोन-तीन मिनिटं लोकांनी तेही सोसलं. पण पाइपाचा सांधा, त्याचं पॅकिंग आणि त्यात अडकणाऱ्या वस्तू इथपर्यंत आल्यावर एक गृहस्थ उठून उभे राहिले. “माफ करा, पण हे रूपक आहे ना?”

“नाय ओ,” जगन म्हणाला. “रूपक मी वापरत नाय. मारकेटमधे पंधरा परकारचा माल हाय, पन मी एकच लावतो.” आणि त्याने पिशवीतून डबा काढून उंच धरला.

लोक त्या डब्याकडे बघत राहिले. जगन गोंधळला. “तुम्ही सगळ्यांनी बगितलाय ना विडिओ? अकराव्या मिन्टाला ह्योच डबा दाखवलाय मी.”

अकरावं मिनिट ऐकल्यावर सर्वेश गुप्ते जागच्या जागी चुळबुळले. साठ माणसं एकमेकांकडे न बघण्याचा प्रयत्न करत होती. एवढी माणसं एकाच वेळी अडचणीत आली की ती एकाला शोधतात, आणि शोधायला फार वेळ लागत नाही. सर्वेश उठून उभे राहिले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव होता.

“सहदेवराव,” ते म्हणाले, “तुम्ही न बघताच लिंक टाकली?”

“मी?” सहदेवराव म्हणाले. “मी दोनदा बघितलाय.”

“मग टाकीचा आहे हे तुम्हाला कळलं नाही? म्हणजे बघितलाच नाही.”

“बरोबर आहे,” मागून कुणीतरी म्हणालं. “आम्ही विश्वासाने बघतो तुमचं सगळं.”

“मी दुसऱ्याच दिवशी लिहून कळवलं होतं. तुम्ही सगळ्यांनी त्याला...”

“एवढं मोठं कोण वाचतं सहदेवराव?” सर्वेश दुखावल्यासारखे म्हणाले. “मुद्दा तो नाही. मुद्दा जबाबदारीचा आहे. शहाऐंशी लोकांचा वेळ असतो.”

सहदेवरावांची कानशिलं तापली. एकच प्रश्न विचारायचा होता. तुमच्यापैकी कुणी बघितला, हात वर करा. त्या एका प्रश्नाने सगळा हॉल उघडा पडला असता, सर्वेश गुप्ते तर कायमचे खाली बसले असते. प्रश्न त्यांच्या ओठांवर आला होता. तेवढ्यात त्यांची नजर दुसऱ्या रांगेत गेली. संचिता मान खाली घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. लहानपणी गृहपाठ केलेला नसला की ती अशीच बसायची.

सहदेवरावांनी प्रश्न गिळला.

“हो,” ते म्हणाले. “न बघता टाकली.”

एकतीस वर्षं सहीशिवाय डबा न सोडलेल्या माणसाने साठ जणांसमोर हे सांगितलं, आणि साठ जणांनी मोकळा श्वास घेतला. सर्वेशने मोठ्या मनाने “होतं असं वयपरत्वे” म्हटलं. ऋजुताबाईंनी अ‍ॅडमिनपद काही दिवस सर्वेशकडे द्यावं असं सुचवलं आणि ते टाळ्यांच्या गजरात मंजूर झालं. आणलेलं परत कुठे न्यायचं म्हणून शाल आणि श्रीफळ जगनलाच देण्यात आलं. त्याला काय झालं ते नीटसं कळलं नव्हतं. त्याने सहदेवरावांना बाजूला घेऊन विचारलं, “माझं काय चुकलं काय ओ?” सहदेवराव म्हणाले, “नाही, तुमचं सगळं बरोबर होतं. चला, टाकी दाखवतो.”

जगनला गच्चीवर सोडून ते घरी आले तेव्हा संचिता स्वयंपाकघरात आईला पोळ्या लाटून देत होती. वडिलांना बघून ती म्हणाली, “बाबा, तुम्ही पण ना. बघून टाकायचं ना एकदा. किती ऑकवर्ड झालं सगळ्यांसमोर.”

विमलाबाईंच्या हातातली उलथणी थांबली. त्या काहीतरी बोलणार होत्या, पण सहदेवरावांनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या तव्याकडे वळल्या. वर स्लॅबवर ठोकण्याचा आवाज सुरू झाला होता.

“संचिता,” सहदेवराव म्हणाले, “खरं सांग. मी रागावणार नाही. तू एक तरी बघितलास का गं?”

संचिताने पोळी उलटीपालटी केली, पीठ लावलं, पुन्हा लाटायला घेतली. “सुरवातीला बघितलेले दोन-चार, अर्धे-अर्धे. मग नाही जमलं बाबा. सकाळी सहाला माझ्याकडे काय चाललेलं असतं तुम्हाला माहितीये? दोन डबे, शाळेची बस, विनीतचा डबा वेगळा. त्यात ते पन्नास-पन्नास मिनिटांचं कधी बघू?”

“मग रोज लिहितेस ते?”

“‘ख’ दाबला की पुढचं फोन आपोआप लिहितो.”

तिने हे इतक्या सरळपणे सांगितलं की सहदेवरावांना रागावताही आलं नाही. ते स्टुलावर बसले. एक हजार दिवसांची वही त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. प्रत्येक पानावर विषय, आवाज आणि पाल्हाळ. छातीत काहीतरी दुखलं आणि ते गोळीने जाण्यातलं नव्हतं.

“पण एक दिवस तरी चुकवलं का मी?” संचिता म्हणाली. आता तिचा आवाज जरा चढला. “तुमची लिंक आली की मला कळतं, बाबा उठलेत, बरे आहेत. मग मी बाकीच्या कामाला लागते. तुम्हाला ताप आलेला गेल्या वर्षी, तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली तरी लिंक नव्हती, तर मी लगेच आईला फोन केलेला की नाही?”

फोन आला होता. सहदेवरावांना आठवत होतं. त्या दिवशी अंगात ताप असताना ते खूश होते, की पोरीला व्हिडिओ चुकल्याची हुरहुर लागली.

“आता तो सर्वेश टाकणार म्हणजे मला कसं कळणार?” संचिता पोळी तव्यावर टाकत म्हणाली. “तुम्ही असं करा, मलाच पाठवत जा काहीतरी सकाळी.”

“काय पाठवू?”

“काहीही. बघायचं थोडीच असतं. नुसतं टिंब पाठवलंत तरी चालेल.”

जेवण झाल्यावर ती ठाण्याला गेली. जाताना तिने वडिलांच्या गोळ्यांचा डबा भरून दिला आणि पाठीवर हात फिरवला. ती वाईट मुलगी नव्हती, हे सहदेवरावांना तेव्हाही दिसत होतं, आणि म्हणूनच कुणावर चिडावं ते त्यांना समजेना. संध्याकाळी जगन खाली उतरला, शर्टाची वाट लागली होती. चीर सापडली, असं त्याने सांगितलं. विमलाबाईंनी त्याला चहा दिला आणि तो खडवलीला गेला.

दुसऱ्या दिवशी पाचला सहदेवराव सवयीने उठले आणि सवयीने यादीत पार खाली गेले. शहाडच्या कुणा बाईने उल्हास नदीच्या काठावरच्या रानभाज्यांवर केलेला चाळीस मिनिटांचा व्हिडिओ सापडला. पाहणारे एकोणीस. बाई काठाकाठाने चालत होती, एकेक पान खुडून हातावर ठेवून ओळख सांगत होती आणि घाईत अजिबात नव्हती. सहदेवरावांनी तो शेवटपर्यंत पाहिला. बऱ्याच दिवसांत इतका चांगला हाताला लागला नव्हता.

सहा वाजले. त्यांनी संचिताचं नाव उघडलं, आज आठवणीने चष्मा लावला आणि एक टिंब पाठवलं. लगेच त्याखाली दोन निळ्या खुणा उमटल्या. तीन वर्षांत त्यांनी पाठवलेली ही पहिलीच गोष्ट होती, जी संचिताने पूर्ण पाहिली.